ऐकलं, वाटलं, खरखर

अण्णांना "कसे आहात?" असं सहज विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते जागच्या जागी थांबत, डोळे किंचित मिटत आणि आपण खरोखरच कसे आहोत याचा शोध घ्यायला लागत. मग म्हणत, "सकाळी बरा हुतो. आत्ताचं अजून बघितलं न्हाई." विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असे. तरी अण्णा त्याच्या पाठीमागून ओरडून सांगत, "डावा गुडघा दुखतोय!"

हे अण्णा आमच्या गावाचा रेडिओ होते. रेडिओ लावणारे नव्हे, रेडिओच. ते कसं ते सांगते. पण त्याआधी माझ्याविषयी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. मला लहानपणापासून मीठमसाला लावून बोलायची खोड आहे. माझे वडील नगरकडे मिशनचे प्रचारक होते. झांजा-मृदंग घेऊन खेड्यापाड्यांत कीर्तन करत, आणि त्यांच्या कीर्तनातला, बायबलातल्या योनाला गिळणारा मासा दर गावाला हातभर वाढत असे. मी त्यांचीच लेक. शाळेत दोन विंचू निघाले तर माझ्या तोंडून पाच निघत. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

सत्तेचाळीस साली, स्वातंत्र्य मिळून दोन-तीन महिने झाले असतील, मी खर्ड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावी मुलींच्या शाळेवर हजर झाले. गावाच्या माळावर उभं राहिलं की एका अंगाला खर्ड्याच्या किल्ल्याची भिंत दिसे आणि दुसऱ्या अंगाला, ओढ्यापलीकडे, मोगलाई. हैदराबादच्या राज्याला तिकडे सगळे मोगलाईच म्हणत. गावाची निम्मी सोयरीक ओढ्यापलीकडची होती. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. सरहद्द म्हणजे काय ते नाक्यावरच्या शिपायाला ठाऊक. बायका डोक्यावर पाटी घेऊन खुशाल इकडून तिकडे जात.

गावात वाचनालय होतं आणि वाचनालयात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. मी जायच्या आधीच एका उंदराने त्याच्या आतल्या कर्ण्याचा कागदी पडदा कुरतडून खाल्लेला होता. तसा पडदा मुंबईहून मागवावा लागेल असं कळलं, आणि मुंबईहून तो काही येईना. अण्णा त्या सुमारास पलटणीतून सुटून आले होते. महायुद्धात ते बिनतारी संदेश घ्यायच्या कामावर होते, आणि त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कानाला लावायच्या यंत्रांची एक जोडी होती. ती त्यांनी रेडिओला जोडली आणि आवाज आला. पण ज्याच्या कानाला ती असेल त्याच्यापुरताच.

सुरुवातीला म्हणे ती जोडी गावभर हातोहात फिरे. एकाने ऐकलं की साखर स्वस्त झाली, दुसऱ्याने ऐकलं की साखर संपली आणि तिसरा म्हणाला, कोण बाई गातीय. तिघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. शेवटी गावाने ठरवलं की ऐकायचं एकाच माणसाने, आणि तो माणूस अण्णा. तेव्हापासून रोज दिवेलागणीला अण्णा वाचनालयाच्या ओट्यावर बसत आणि डोक्यावर ती यंत्रं चढवत. बायका त्यांना 'अण्णांची कर्णफुलं' म्हणत. समोर चिंचेखाली माणसं बसत. बातम्या संपल्या की अण्णा कर्णफुलं उतरवत, तांब्याभर पाणी पीत आणि उभं राहून ऐकलेलं सांगत.

शेजारी शाळेचा एक जुना फळा टेकवलेला असे. त्यावर अण्णांनी पांढऱ्या रंगाने तीन रकाने आखले होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'ऐकलं', दुसऱ्यावर 'वाटलं' आणि तिसऱ्यावर 'खरखर'. प्रत्येक बातमी सांगून झाली की ती कुठल्या रकान्यातली तेही ते सांगत आणि दोन शब्दांत तिथे टिपून ठेवत. "मुंबईत गिरण्यांचा संप मिटला. ऐकलं." "कापसाचं कायतरी बोलले. भाव चढनार असं वाटलं." "त्याच्या म्होरं खरखर. त्यात काय हुतं ते मला ठावं न्हाई, आन तुमी मला इचारू नका."

पहिल्या संध्याकाळी हे ऐकून मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अण्णा, खरखरसुद्धा सांगता?"

"मंग? ती गाळली तर लोकास्नी वाटंल बातमी सलग हाय."

मी घरी येऊन आरशासमोर त्यांची नक्कल मात्र करून बघितली.

कानांची निगा ही अण्णांची एक वेगळीच पूजा होती. दर रविवारी सकाळी ते कोमट तेल घालून उन्हात एका कुशीवर पडून राहत, मग दुसऱ्या. डावा कान चांगला, म्हणून झोपताना तो कायम वर. दुपारनंतर फुटाणे, शेंगदाणे, कडक भाकरी बंद. चावण्याचा आवाज कानात राहतो म्हणत. भाकरी दुधात कुस्करूनच खात. त्यांच्या डाव्या अंगाला उभं राहून कुणी खोकलं की ते दोन हात बाजूला सरत, आणि कुणी कानाशी बोलायला वाकलं की सरळ तळहात आडवा धरत. लग्नात ताशा वाजायला लागला की अण्णा मांडवातून नाहीसे. जेवायला परत येत आणि नवरा-नवरीला म्हणत, "अक्षता मी बघितल्या न्हाईत, पन लगीन झालं असं वाटलं."

रेडिओची एक तार चिंचेवर चढवलेली होती आणि दुसरी जमिनीत पुरलेली. आवाज नीट यावा म्हणून उन्हाळ्यात त्या पुरलेल्या तारेपाशी ओल ठेवावी लागे. अण्णा रोज सकाळी तिथे कळशीभर पाणी ओतत. ते बघून ठकूबाई माळीणही ओतायला लागली. ही ठकूबाई म्हणजे गावाची जीभ. सकाळी भाजीची पाटी घेऊन निघायची आणि भाजी संपेपर्यंत गावच्या सगळ्या बातम्याही वाटून संपवायची. तिचं बघून आणखी बायका पाणी ओतायला लागल्या. महिन्याभरात तिथे कुणीतरी हळदकुंकूही वाहिलं. अण्णांना ते पटलं नाही. त्यांनी बायकांना तारेची सगळी विद्या समजावून सांगितली. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओतून, हात जोडून गेल्या. अण्णा मला म्हणाले, "ओल ऱ्हाती हे खरं. बाकीचं त्येंचं त्येंला."

त्या फळ्याने गावाच्या बोलण्याला एक खोडच लावली होती. विहिरीवर एखादी म्हणाली की सासू आज मला असं असं बोलली, तर दुसरी लगेच विचारी, "ऐकलं का वाटलं?" सोयरीक ठरवायला पाहुणे आले आणि म्हणाले, मुलगा फार कष्टाळू आहे, तर मुलीकडची म्हातारी म्हणे, "कंच्या खान्यात घालू?" पाहुणे गोंधळून जात. माझ्या वर्गातल्या मुलीही कमी नव्हत्या. सतराचा पाढा म्हणताना अडली की मुलगी मान खाली घालून म्हणायची, "बाई, इथं खरखर." मी छडी उचलायची आणि हसून खाली ठेवायची.

अण्णांनी माझी एकदा चांगलीच जिरवली. नाताळात मी निम्म्या गावाला जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळ्या केल्या होत्या. सगळे वा वा करत होते, मी पदर सावरत फुगत होते. अण्णांना विचारलं, "कशी झालीय?" त्यांनी घास संपवला, विचार केला. "पुरण गोड हाय," म्हणाले. "पोळी जाड हाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते वाटेत उभे होते. "बाई, आमटी लई चांगली हुती. त्या दिशी तुमी आमटीचं इचारलंच न्हाई." राग धरून बसायचा म्हटलं तरी या माणसावर धरायचा कुठे?

आणि एकदा अण्णाच चुकले. कापडावरचं रेशन उठलं असं त्यांनी सांगितलं आणि 'ऐकलं'मध्ये लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ते 'उठणार' म्हणाले होते. बाकी कुणी असता तर संध्याकाळी ओट्यावरून सांगून मोकळा झाला असता. पण अण्णा म्हणाले, काल बसलेली सगळी माणसं आज येतीलच असं कुठं आहे? काल चिंचेखाली कोण कोण होतं ते त्यांना बरोब्बर आठवत होतं. ते सकाळी निघाले आणि एकेकाच्या घरी जाऊन चूक सांगत फिरले. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. माझ्याकडे येऊन गेले, ठकूबाईकडे गेले, मग रानात म्हशी राखणाऱ्या गणूकडे. गणू म्हणाला, "आवो अण्णा, मी तवा झोपलो हुतो." अण्णा म्हणाले, "तरी ऐक." कर्जतला माहेरी गेलेल्या एका सुनेसाठी त्यांनी पोस्टकार्ड टाकलं: काल सांगितलेलं चुकीचं होतं, रेशन उठणार आहे, उठलेलं नाही. ते कार्ड पोचेपर्यंत रेशन उठलंसुद्धा होतं. त्या सुनेच्या भावाला वाटलं, तिच्या सासरी कुणाच्या तरी डोक्यावर परिणाम झालाय. तो धावत चौकशीला आला. गाव आठ दिवस हसत होतं आणि अण्णाही हसत होते, कारण चूक झाली हे खरं होतं.

आता गोदाचं सांगते. गोदा अण्णांची एकुलती एक लेक. बायको लवकर गेली. अण्णा लढाईवर असताना गोदाला आत्याने वाढवलं, आणि अण्णा परत आले त्याच वर्षी ओढ्यापलीकडे दोन गावं सोडून तिला दिलं. बापाला लेक अशी मिळाली ती तीन-चार महिनेच. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात ती पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. अण्णांनी पाळण्याची दोरी वळून ठेवली होती, झोका घ्यायला छपराचं आढं बळकट आहे का ते स्वतः लोंबकळून बघितलं होतं. आणि तेवढ्यात मोगलाईत धामधूम सुरू झाली. जाळपोळ, लूट, माणसं पळताहेत, असं रोज कानावर येई. नाका बंद झाला. गोदा तिकडेच राहिली.

भाद्रपदात आपलं लष्कर मोगलाईत शिरलं. त्या दिवसांत चिंचेखाली पाय ठेवायला जागा नसे. अण्णा इकडचं स्टेशन ऐकत आणि तिकडचंही ऐकत, आणि दोन्ही सांगत. "हे म्हनतात फौज म्होरं चालली. ते म्हनतात आडवली. दोन्ही ऐकलं." लोक चिडत. "त्यांचं कशापायी सांगताय?" म्हणून एकजण तर ओट्यावर चढून आला. अण्णा म्हणाले, "कानात आलं ते गिळू कसं? कंचं खरं ते मला ठावं न्हाई. ठावं झालं की सांगंन." पण त्यांचा आवाज त्या दिवसांत खाली उतरला होता. रात्री जेवत नाहीत असं गोदाची आत्या सांगायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावात एकच हूल उठली. ओढ्यापलीकडून हत्यारबंद टोळी येतेय, आज दिवस मावळायच्या आत गाव लुटणार. कुणी बघितलं ते कुणालाच सांगता येईना, पण बघता बघता गाड्या जुंपल्या गेल्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं गाडीत चढायला लागली. त्यात रस्त्यावर चिखल मी म्हणत होता. दोन बायका दिवस भरलेल्या होत्या. या रस्त्याने गाड्या निघाल्या तर वाटेतच काहीतरी होऊन बसेल म्हणून माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी तडक अण्णांच्या घरी गेले.

"अण्णा, एक वाक्य सांगा," मी म्हटलं. "आपली फौज ओढ्यापर्यंत आलीय असं रेडिओवर ऐकलं म्हणावं. गाड्या सुटतील. तुमच्या शब्दावर गाव थांबेल."

अण्णा पाळण्याची दोरी गुंडाळत होते. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"बाई, पलटणीत एकदा मला निरोप आला. मधी खरखर. पान्याची जागा कंची ते नीट आलं न्हाई. म्या अंदाजानं भरलं. पोरं दिसभर चालत त्या जागी पोचली. तितं पानी न्हवतं. वाचली समदी, पन दोन पोरं पडली हुती वाळूत. परत आली तवा मला कुनीच काय बोललं न्हाई. निसतं बघत हुती." त्यांनी बाजूच्या दोरीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मला रेडिओ म्हनायचा असंल तर मला हे सांगायला लावू नका."

मला इतका राग आला! लोकांचे जीव मोठे की याचा फळा मोठा, असं मी तोंडावर म्हटलं. अण्णा उठले, चावडीसमोर जुंपलेल्या गाड्यांपाशी गेले. मीही मागे गेले.

लोकांनी त्यांना घेरलं. ठकूबाई गाडीतूनच ओरडली, "अण्णा, टोळी येतीया, हे ऐकलं का?"

"न्हाई."

"मंग वाटलं?"

"वाटलं बी न्हाई. काल रातच्याला बातम्यांत न्हवतं, आज सकाळी न्हवतं. फौज कुटं हाय ते बी मला ठावं न्हाई. वढ्यापल्याड काय हाय ते खरखर. माझ्याकडं एवडंच हाय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ठकूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "ज्येला खरखर बी लपवता येत न्हाई, त्यो टोळी लपवंल व्हय?" असं म्हणून ती गाडीतून उतरली आणि कोंबड्या सोडायला लागली. मग एकेक गाडी सुटली. संध्याकाळी टोळी आली नाही. दोघींपैकी एक त्याच रात्री बाळंत झाली, आपल्या घरात, कोरड्या जागेवर. मी अण्णांपुढे जायला लाजत होते. त्यांनीच हाक मारली आणि विचारलं, "मुलगा का मुलगी, तुमी सोता बघितलं का?"

लष्कर शिरलं त्याच्या पाचव्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. वाचनालयाचा गणपती फुलांनी सजवलेल्या गाडीत बसला होता. गुलालाच्या पाट्या भरलेल्या. सखाराम हलगीवाला हलगी शेकून तयार. पण लोक म्हणाले, आधी अण्णांची बातमी, मग गणपती. त्यामुळे देवही चिंचेखाली आमच्याबरोबर बसून होता.

अण्णांनी कर्णफुलं चढवली. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एकाएकी त्यांची मान ताठ झाली. ओठ हलले. मग त्यांनी दोन्ही हातांनी यंत्रं कानांवर दाबून धरली. बातम्या संपल्या. ते उठले, पाणी प्यायचं विसरले, फळ्यापाशी गेले आणि मधल्या रकान्यात लिहिलं, 'लढाई थांबली.'

एकच गलका झाला. सखारामाची काठी वर गेली. अण्णा ओरडले, "थांबा! वाटलं हाय! ऐकलं न्हाई!"

"आवो अण्णा, पुसा की ते आन पयल्या खान्यात ल्ह्या!" ठकूबाई म्हणाली.

"ठकूबाई, माझी गोदा तितं हाय. पाच दिस झालं, मी डोळा मिटला की मला हेच ऐकू येतंय. माझ्या कानाचा आज भरवसा न्हाई." त्यांनी समोर नजर फिरवली. तिथे बसलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी ओढ्यापलीकडे होतं. फिरत फिरत नजर माझ्यावर येऊन थांबली. "बाई, तुमचं कोन हाय मोगलाईत?"

"कुणी नाही."

"मंग वर या."

लोक हसायला लागले. इतक्या दिवसांनी हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता गं बया! बाई तर दोन इंचवाचं पाच करत्यात!"

"करत्यात," अण्णा म्हणाले. "पन करताना त्येंला ठावं असतंय."

इतकं खरं माझ्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. मी लाल होऊन ओट्यावर चढले. थोड्या वेळाने पुन्हा बातम्या होत्या. अण्णांनी खिशातून चाकू काढला, कर्णफुलांची डोक्यावरची पट्टी सोडवली आणि जोडी मोडली. एक माझ्या कानाला लावलं, एक आपल्या डाव्या कानाला. "मी काय बोलनार न्हाई," म्हणाले. "सांगायचं तुमी."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्रातून ऐकत होते. आधी नुसती सरसर, मग एक बारीक, लांबचा आवाज. मी श्वास धरून ऐकलं. तिकडच्या सरकारने शस्त्रं खाली ठेवली. लढाई थांबली. एकेक शब्द लख्ख आला. मग तो आवाज म्हणाला, सरहद्दीवरचे रस्ते... आणि तिथे असली खरखर उठली की मी कान ओढून घेतला. खरखर थांबली तेव्हा बातमी भलतीकडेच गेली होती.

मी उभी राहिले. "तिकडच्या सरकारने शस्त्रं खाली ठेवली. लढाई थांबली. ऐकलं," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट ऐकलं."

लोक उठायला लागले तसा अण्णांनी हात वर केला. ते माझ्याकडे बघत होते. "आन रस्तं?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दोन शब्दांत त्यांनी मागितलं. रस्ते खुले, एवढंच म्हणायचं होतं. आज ना उद्या ते खुले होणारच होते, खोटं तरी कितीसं ठरलं असतं? माझ्या जिभेवर ते वाक्य आलेलं होतं, वडिलांच्या माशासारखं चांगलं गलेलठ्ठ. मी ते गिळलं.

"रस्त्यांचं बोलायला लागले, अण्णा," मी म्हटलं. "आणि मग खरखर."

अण्णांनी डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडभर हसू पसरलं.

"बरूबर," ते म्हणाले. "मला बी तितंच खरखर हुती."

त्यांनी मधल्या रकान्यातलं 'लढाई थांबली' पुसलं आणि पहिल्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं, 'रस्ते'. आणि खडू माझ्या हातात दिला. मग मात्र सखारामाने जी हलगी वाजवली तशी मी पुन्हा कुठे ऐकली नाही. गुलालाने चिंचेची पानं लाल झाली. ठकूबाई नाचली. मी, प्रचारकाची लेक, गणपतीच्या गाडीमागे ओढ्यापर्यंत चालत गेले आणि वाटेत केव्हातरी मीही नाचले. अण्णा दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकून मिरवणुकीच्या अगदी पुढे चालले होते आणि ओरडत होते, "गुलाल कानात जाऊ देऊ नका रं!"

पुढचे आठ-दहा दिवस मात्र फार कठीण गेले. रस्ते खुले झाले, माणसं यायला-जायला लागली, पण गोदाचं काही कळेना. अण्णा रोज ओढ्यापर्यंत जाऊन येत. एका सकाळी शाळा भरत होती आणि गावात आरडाओरडा झाला. म्हशी राखणारा गणू धावत आला, "अण्णा, गोदाची गाडी वढ्यात हाय! पोरगा झालाय!" त्याच्यामागून आणखी एकजण, "पोरगी हाय!" आणि ठकूबाई तर लांबूनच, "जुळं हाय गं बाई, जुळं!"

अण्णा वाचनालयाच्या ओट्यावर बसले होते. "कुनी बघितलं?" त्यांनी विचारलं. तिघं गप्प. "मंग बसा."

गाडी आली. गोदा उतरली. वाळली होती, पण हसत होती. तिने पदराखालचं गाठोडं अण्णांच्या हातांत दिलं. त्यांनी ते खांद्याशी धरलं, आणि पोराने अनोळखी वास घेऊन अशी किंकाळी फोडली की बैल दचकले. डाव्या कानाशी. ज्या कानाजवळ अण्णांनी कधी कुणाला खोकू दिलं नाही, त्या कानात ते पोर जीव खाऊन रडत होतं, आणि अण्णांनी कान हलवला नाही. उलट मान आणखी त्या बाजूला झुकवली.

मग पोराला तसंच धरून ते फळ्यापाशी आले. एका हाताने खडू घेऊन त्यांनी तिसऱ्या रकान्यापलीकडे एक वाकडी रेघ ओढली. वर लिहिलं, 'बघितलं'. खाली लिहिलं, 'नात'.

त्या वेळी अण्णा रडले. गावात हे कुणी मानत नाही. अण्णा कसले रडतात, बाईंनी लावलंय मीठ, असं अजून म्हणतात. पण बाकीचे गोदाभोवती होते आणि फळ्यापाशी मी एकटी उभी होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून त्या पोरीच्या टोपड्यावर पडलं. दोन थेंब. पाच नव्हे, दोनच. चौथ्या रकान्यात लिहा.